काकांचा ओक आणि माझी पहिली कस्टमर

माझ्या पहिल्या कस्टमर आज सकाळी गेल्या.
त्यांच्या घरावर मी एकही सोलर पॅनल लावलेलं नाही.

सुमनकाकू. इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. मूळच्या नागपूरच्या, इथे आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोकरी केलेल्या. काका गेल्यापासून एकट्याच.

मी ऑइल कंपनीतली चांगली चाललेली नोकरी सोडून सोलरमध्ये गेलो, तेव्हा इथल्या अख्ख्या मराठी मंडळाने माझा लेऑफ झाला असंच धरलं.
"होतं यार, मार्केटच डाऊन आहे," म्हणत लोक पाठीवर हात ठेवायचे.
नोकरी मी स्वतः सोडली, हे सांगून सांगून थकलो.

आणि सोलरमध्ये तरी काय दिवे लावत होतो?
दारोदार फिरायचं, छपरं बघायची, डिझाइन दाखवायचं. सही कोणी करेना.
मॅनेजरने सरळ सांगितलं, या महिन्यात एक तरी घर आण, नाहीतर अवघड आहे.
 

काकूंना कुठून कळलं देव जाणे. फोन आला.
"अरे, माझ्या घरावर लाव ना. कागद घेऊन ये, सही करते."

मी उड्या मारत गेलो. शिडी लावून वर चढलो आणि अवसानच गळालं.
घर घेतलं तेव्हा काकांनी लावलेला ओक आता छपराच्याही वर गेला होता. जिथे सगळ्यात जास्त ऊन हवं, ती दक्षिणेची सगळी बाजू त्याच्या सावलीत.

खाली आलो. "काकू, तुमच्याकडे नको. या सावलीत पॅनल्स नुसती शोभेला राहतील."

काकू खिडकीतून झाडाकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "तोडून टाकू. उद्याच माणूस बोलावते."

"काकू!"

"काय काकू? झाड म्हातारं झालंय, मी पण झालेय. तुझी नोकरी टिकली पाहिजे."

 काका गेल्यावर त्या रोज सकाळी त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसायच्या. एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"नाही तोडायचं. आणि तोडलंत तरी मी सही घेणार नाही."
आवाज जरा चढलाच माझा.

 मी तसाच निघालो आणि गाडीत बसून रडलो. खोटं कशाला बोलू.

शनिवारी दारात हॉर्न वाजला. काकू.
"बस गाडीत."

मला त्यांच्या एका मैत्रिणीकडे नेलं. मग दुसरीकडे. मग आणखी एकीकडे.
प्रत्येक दारात माझी तीच ओळख.

"हा सोलरवाला. माझ्याकडे नको म्हणाला, म्हणून तुमच्याकडे आणलाय."

महिना संपायच्या आत दोन घरं साइन झाली. नोकरी टिकली. आज या भागातल्या कितीतरी छपरांवर आमचं काम आहे, आणि त्यातली बरीचशी घरं या ना त्या वाटेने काकूंच्याच ओळखीतली.

काकू, मी थँक्यू म्हणायला लागलो की तुम्ही चहा टाकायला उठायचात. दरवेळी.
माझं वाक्य कधी पूर्णच झालं नाही.

आज तुम्ही उठणार नाही, म्हणून म्हणतो.

थँक्यू, काकू.