‘दोन’चं ‘डोण’ झालं तेव्हा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर प्रतिसादात कुणी शिकवायला नको — माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी अठरा वर्षं काढली. रिझल्ट विचित्र आला तर आम्ही धूप फिरवत नाही, सॅम्पल पुन्हा लावतो. हे एक सॅम्पल मात्र मला पुन्हा लावता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. फक्त अमावास्या आणि काळं मांजर मध्ये आणू नका, दोन्ही नव्हती.

साल २००८, मार्च महिना. त्या वेळी एका मराठी फोरमवर ‘खजिना’ नावाचा धागा चालायचा. एकानं एखाद्या खऱ्या ठिकाणावर कोडं रचायचं, बाकीच्यांनी मिळून ते सोडवायचं आणि उपग्रहाच्या नकाशावर ती जागा शोधून खूण टाकायची. खूण बरोबर पडली की पुढचं कोडं. शेवटी खजिना म्हणजे काय, तर नावापुढे एक पिवळा हंडा दिसायचा! पण त्या हंड्यासाठी चांगली शिकलेली माणसं हमरीतुमरीवर यायची. एकच नियम कडक होता — कोडं घालणाऱ्यानं उत्तर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

माझं तिथे दोघांशी चांगलं जमायचं. एक सांगलीच्या देशपांडे बाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, प्रत्येक शब्दाची चिरफाड करणाऱ्या. दुसरे सलीमभाई. मूळचे पोलादपूरकडचे, मस्कतला गोदामात स्टोअरकीपर. गोदामात कॉम्प्युटर होता आणि दुपारी वेळ होता, त्यामुळे गावाकडची आठवण आली की धाग्यावर यायचे. आम्ही तिघांनी फोन नंबरही एकमेकांना दिलेले होते.

कोड्यांचं हे वेड माझ्यात वडिलांकडून आलं. नाना एसटीत कंडक्टर होते. महाड–पोलादपूर आणि पुढे उमरठकडच्या आडगावांची गाडी, बावीस वर्षं. गाडीत गर्दी नसली की पॅसेंजरांना कोडी घालायचे, घरी आले की मला. आमच्या घरचा एक रिवाज होता. कोडं सुटलं नाही की हरणाऱ्यानं एक गाव द्यायचं. घालणारा ते गाव घेणार आणि मगच उत्तर सांगणार. नानांना फक्त त्यांच्या रूटवरची गावं चालायची. मी पोलादपूर दहादा दिलं असेल, उमरठ तर किती वेळा दिलं त्याला गणती नाही. महाड मात्र कधी दिलं नाही, राहतं गाव कोण देतं?

त्या मार्चमध्ये नाना बहात्तर वर्षांचे होते आणि त्यांना विसरण्याचा आजार होऊन तीन वर्षं झाली होती. राहायला आमच्याकडे, महाडला. जावयाला कधी ‘डेपो मॅनेजरसाहेब’ म्हणायचे, मला कधी ओळखायचे, कधी नाही. कानांनीही कमी ऐकू यायचं. हातात सतत नेलकटर. तेच त्यांचं तिकीट पंच करायचं यंत्र. वर्तमानपत्राच्या कडा कुरतडून मला देत, ‘सुट्टे द्या’ म्हणत. मी हसायचे, पण खरं सांगायचं तर आतून फार वाईट वाटायचं.

त्या पंधरवड्यात कोडं घालायची पाळी माझी होती. मी गडावर जाणारा हिरकणीवाडीचा रोपवे निवडला आणि डायरीत लिहिलं —

वाट आहे, पाय नाही,
गाडी आहे, बैल नाही,
दोन जागी थांबते,
मधे कुणी उतरत नाही.

सोपंच होतं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कॉम्प्युटरवरून टाकलं. तेव्हा मराठी लिहायचं ते इंग्रजी अक्षरांवरून. लहान टी दाबला की त, मोठा टी दाबला की ट. तसंच लहान डी म्हणजे द, मोठा म्हणजे ड. न आणि ण यांचंही तेच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संध्याकाळी घरी येऊन डायरीतलं कोडं नानांना वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. कान माझ्याकडे करून, डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, झोपले. तर म्हणाले, ‘‘सांगतो गो. घाई नको करू.’’

‘‘हरलात तर गाव द्यावं लागेल, नाना.’’

‘‘हरतोय कोन?’’

तीन वर्षांत ते माझ्याशी इतकं सरळ बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मला किती बरं वाटलं ते काय सांगू!

शनिवारी सकाळी मी ड्युटीवर होते. आमचे हे दूध आणायला कोपऱ्यावर गेले आणि दहा मिनिटांत परत आले, तर दार उघडं आणि नाना नाहीत. रात्री खिळ्याला अडकवून ठेवायचे ते नेलकटरही नव्हतं.

स्टँड, डेपो, दवाखाने, नदीचा घाट... सगळीकडे शोधलं. पोलिसांत वर्दी दिली. डेपोतले नानांचे जुने सोबती चांगले, त्यांनी त्या रूटच्या प्रत्येक गाडीला विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. (सहा आसनी रिक्षातून गेले असतील हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एसटीचा माणूस, एसटीनंच जाणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं.) शनिवारची रात्र कशी काढली ते मी लिहीत नाही. मार्च असला तरी डोंगरात पहाटे गारठा असतो, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला. पोलीस असतील म्हणून मी झडप घातली. तर मस्कत.

‘‘ताई, फोडला तुमचा कोडा! हंडा माझा!’’ सलीमभाई एकदम खुशीत. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. गुरुवारनंतर मी धाग्याकडे पाहिलंही नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘सलीमभाई, नंतर बोलू. घरात अडचण आहे.’’

‘‘एकच मिनिट. डोणजागा ना? बरोबर ना?’’

‘‘नाही. रोपवे आहे. ठेवते.’’

‘‘रोपवे कसा? तुम्हीच लिवलंय, ‘डोण जागी थांबते’.’’

‘‘दोन लिहिलंय मी. दोन. एक-दोन.’’

‘‘नाय ताई, ड हाय. आणि बाणातला ण. मी वाचून दावतो थांबा.’’ आणि त्यांनी वाचलं —

वात आहे, पाय नाही,
गादी आहे, बैल नाही,
डोण जागी थांबते,
मधे कुणी उतरत नाही.

मी म्हटलं, असेल टायपिंगची चूक. तेवढ्यात ते भडाभडा सांगत सुटले. दोन दिवस देशपांडे बाईंनी आणि त्यांनी मिळून कीस काढला होता. वात आहे म्हणजे देवस्थान. पाय नाही म्हणजे पादुका नाहीत. बैल नाही म्हणजे नंदी नाही, तेव्हा शंकराचं देऊळ नव्हे. नुसती कुणा बुवाची गादी. इथवर बाईंनी आणलं. पण डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायची दगडी कुंडी, ती जागा कुठली आणि तिथे थांबतं काय, हे बाईंना सुचेना. ते सलीमभाईंना सुचलं.

‘‘आमचे अब्बा ट्रकवर होते ना, तवा मी बसायचो बाजूला. उमरठच्या अंगाला चढ सुरू व्हायच्या आधी जुन्या रस्त्यावर डोण हाय. झऱ्याचं पानी पडतं. बाजूला गादी, तिथं वाडीवाले वात लावतात. ट्रक, एसटी, सगळे तिथं रेडिएटरला पानी घालायचे. त्याला डोणजागा म्हनायचे. एसटी थांबायची, पन तो थांबा नाय ना! मंग कंडक्टर वराडायचा — बसा, बसा, कुनी उतरू नका, गाडी पानी घेतेय!’’

तो कंडक्टर कोण असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी त्या रस्त्यानं लहानपणी गेले असेन, पण डोण मला आठवत नव्हती. आणि नवा रस्ता खालून झाल्यापासून एसटी तिकडे वळतच नव्हती. शोधायला गेलेले सगळे नव्या रस्त्यानं गेले आणि आले. मी यांना म्हटलं, गाडी काढा. कुठे, का, काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय?

पोलादपूर सोडलं, उमरठचा रस्ता धरला. एका गुराख्याला विचारून जुन्या रस्त्याला लागलो. खडी उखडलेली, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या आत घुसलेल्या. मोटरसायकल मध्येच सोडून चालत गेलो. वळणावर दगडी डोण दिसली. झऱ्याचं पाणी बारीक धारेनं पडत होतं. शेजारी चौथरा, त्यावर भगवं कापड घातलेली गादी, कोनाड्यात वात. मूर्ती नाही, पादुका नाहीत.

आणि डोणीच्या काठावर नाना बसले होते. शर्टाची वरपर्यंत बटणं लावून, ताठ, हातात नेलकटर.

जवळ एक बाई उभी होती, वाडीवरची, वात लावायला येणारी. ती मला म्हणाली, ‘‘तुमचं का गो हे बाबा? काल सांजंपासून हायत. रातीला घोंगडी दिली मी. भाकर दिली तर म्हनले, ड्युटीवर खात नाय.’’

मी धावत जाऊन नानांसमोर बसले. नुसतं रडू येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. पण आवाज मऊ केला, घाबरलेल्या पॅसेंजरशी बोलावं तसा.

‘‘बसा बाई, बसा. कुनी उतरू नका. गाडी पानी घेतेय.’’

मी म्हटलं, ‘‘नाना, मी आहे. घरी चला.’’

‘‘गाडी सोडून कसा येऊ?’’

यांनी हात धरून उठवायचा प्रयत्न केला, तर हात झिडकारला. दहा मिनिटं गेली. समजावून झालं, चिडून झालं, पाया पडून झालं. ते हलेनात. शेवटी मी थकून त्यांच्या पायाशी बसले आणि लहानपणी म्हणायचे तसं म्हणाले, ‘‘नाना, हरले मी. गाव देते.’’

त्यांनी मान वळवली. ‘‘कुठलं?’’

‘‘महाड.’’

‘‘महाड?’’ त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग वाकून आंब्याचं एक वाळलेलं पान उचललं, नेलकटरनं कडेला एक चाप मारला आणि माझ्या हातात दिलं. ‘‘एक महाड. चला, शेवटची गाडी हाय.’’ आणि स्वतःहून उठले. मोटरसायकलपर्यंत माझा हात धरून चालत आले. वाटेत एकदाच बोलले, ‘‘सोपं होतं गो तुझं.’’

आता यावर काय काय म्हणता येतं, ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय.

सोमवारी लॅबमध्ये जाऊन धागा उघडला. सलीमभाईंनी वाचलं तसंच होतं, माझ्याच नावाखाली, गुरुवारी दुपारच्या वेळेचं. डायरीत मात्र वाट, गाडी, दोन. हे म्हणाले, घाईत बोट चुकलं. मान्य. कॅप्स लॉक अडकलं असेल? पण मग सगळीच अक्षरं बिघडली असती. इथे चारच बिघडली. वाटमधला ट आणि गाडीतला ड मोठ्याचे लहान झाले, आणि दोनमधला द आणि न लहानाचे मोठे. एकच शिफ्टची कळ एका कोड्यात दोन्हीकडे चुकते? चुकेलही. पण चुकून अर्थाचेच शब्द व्हावेत, आणि त्या सगळ्यांनी मिळून एकाच जागेवर बोट ठेवावं?

बरं, नाना तिकडे का गेले, त्याचं उत्तर मला सापडलंय असं वाटतं. ऐकू कमी यायचं. मी ‘दोन जागी’ म्हटलं, त्यांनी ‘डोणजागी’ ऐकलं असेल. गाडी थांबते, कुणी उतरत नाही — कंडक्टरला दुसरं काय आठवणार? ते हरवले नव्हतेच. उत्तर द्यायला गेले होते. म्हणजे त्यांना मीच तिकडे पाठवलं. हे कळलं तेव्हा मी ढसाढसा रडले.

पण त्यांनी चुकीचं ऐकलं ते गुरुवारी संध्याकाळी. आणि मी चुकीचं टाइप केलं ते त्याच दिवशी दुपारी, त्यांना कोडं ऐकवायच्या पाच-सहा तास आधी. इथे माझं डोकं थांबतं. डोणजागा कधीतरी लहानपणी नानांच्या तोंडून ऐकली असेल, ती बोटांना आठवली असेल, असं ओळखीतल्या एकानं सांगितलं. असेल. मग वात आणि गादीही बोटांनाच आठवली का?

हंडा सलीमभाईंना दिला. नियमात बसत नव्हतं, पण देशपांडे बाईंनीसुद्धा ते मान्य केलं. ती चार अक्षरं मी शेवटपर्यंत दुरुस्त केली नाहीत. पुढे तो फोरमच बंद पडला. माझ्याकडे त्या पानाचा प्रिंटआउट आहे आणि त्यातच ते आंब्याचं पान, कडेला अर्धगोल चाप मारलेलं.

नाना पुढच्याच वर्षी गेले.

वात, गादी आणि डोण त्या दुपारी कुणी लिहिली, हे मला अजून माहीत नाही. मी हरले. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे गाव द्यायची माझी तयारी आहे, कुठलंही, अगदी महाडसुद्धा. पण गाव घेऊन उत्तर सांगणारे नानाच होते.