वळणावरची मावशी

भोकरदनहून एसटीनं जालन्याला नोकरीवर जाताना मला ती रोज दिसायची. शहराबाहेरच्या घरकुलांच्या वळणावर उभी राहून गाडीला हात करायची. तिथं थांबा नव्हता, म्हणून निम्म्या घरांना कुलपं होती. गाडी बहुधा तशीच पुढं निघून जायची.

एकदा ड्रायव्हरनं गाडी थांबवली, तर ही चढेचना. कंडक्टर खवळला, "मावशी, यायचं न्हाई मंग हात कशाला करता?"

"मला कुठं जायचंय? तुम्हाला थांबायची सवय लागली, की लोकं बराबर राह्यला येतील," म्हणत ती निवांत घराकडं वळली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच हात. ऊन असो, पाऊस असो. महिने गेले, तसा ड्रायव्हर कधीमधी थांबायला लागला.

काल ती वळणावर नव्हती. तरी ड्रायव्हरनं आपसूक ब्रेक मारला. कॉलेजच्या दोन पोरी चढल्या. मागं, कुलपं निघालेल्या घरांपुढं कपडे वाळत होते.