जावयाचं लिनक्स आणि माझी दहा बोटं

आमच्या धाकटीच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी, इंटरव्ह्यूच्या जेमतेम अर्धा तास आधी, लॅपटॉप मी बिघडवला. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत असं मानलं जातं की तो जावयांनी बिघडवला. जावई स्वतःही तसंच मानतात. एवढा सज्जन जावई मिळायला नशीब लागतं, आणि त्याच्या सज्जनपणाचा असा वापर करायला माझ्यासारखा सासरा लागतो.

माझा धंदा आधी सांगतो, कारण सगळा घोळ त्यातूनच झाला. अंबडला कोर्टामागच्या गल्लीत माझी टायपिंगची संस्था आहे. पूर्वी टाइपरायटर होते, आता कॉम्प्युटर आहेत, पण नियम तोच: कीबोर्डकडे बघायचं नाही. पोरांची मान जरा खाली गेली की मी पट्टीनं टेबल वाजवतो. "बोटांना डोळे पाहिजेत!" हे माझं वाक्य तालुक्यातल्या निम्म्या क्लार्क लोकांना पाठ आहे. मी स्वतः तर कीबोर्डकडे बघणं कधीच सोडून दिलंय. (त्यामुळे हल्लीच्या कीबोर्डवर, सगळ्यात वरच्या ओळीत, बारकी बारकी चित्रं छापलेली असतात याचा मला पत्ताच नव्हता. हे अज्ञान पुढे फार महागात पडलं. मला नाही, दुसऱ्याला.)

आमचे थोरले जावई निलेशराव टेंभुर्णीचे. जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं बघतात. माणूस मऊ, पण एका गोष्टीचं भारी वेड: कोणाचाही जुना कॉम्प्युटर दिसला की त्यातलं विंडोज काढायचं आणि लिनक्स नावाची फुकटात मिळणारी सिस्टिम टाकायची. आमच्या घरच्या लॅपटॉपलाही त्यांनी सोडलं नाही.

"मामा, हे चालू व्हायला केवढा टाइम लावून राह्यलं! लिनक्स टाकतो. व्हायरस न्हाई, खर्चा न्हाई."

जावयाला नको कसं म्हणणार? टाकलं. आणि खरं सांगतो, लॅपटॉप पळायला लागला. पण सासरी जावयानं केलेल्या वस्तूत खोट काढायची नसते, आणि कौतुकही फार करायचं नसतं. म्हणून मी "बरंय" एवढंच म्हणालो होतो.

तर अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला घरी बोलवायचं, ओवाळायचं, पाटावर बसवायचं आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. आम्ही रविवार धरला. आणि नेमका त्याच दिवशी, दुपारी दोन वाजता, आमच्या धाकटीला, पल्लवीला, पुण्याच्या कंपनीनं ऑनलाइन इंटरव्ह्यूला बोलावलं. पोरगी दीड वर्षापासून अर्ज करत होती. "ह्या वेळी न्हाई झालं ना, तर मी तुमच्याच संस्थेत पोरांना शिकवत बसते," ती म्हणाली होती. ते तिनं ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून मला माझ्या संस्थेची खरी किंमत कळली.

निलेशरावांनी सकाळी आल्या आल्या सगळं लावून दिलं. कॅमेरा बघितला, आवाज बघितला, नेट बघितलं. "आता ह्याला कोणीच हात लावू नका," म्हणाले. "बिलकुल जसं हे तसंच राहू द्या."

दीडच्या सुमारास आत पाट मांडले जात होते. बायको आणि थोरली माधुरी स्वयंपाकघरात, पल्लवी साडी नेसायला गेलेली, निलेशराव हात धुवायला. मी आणि लॅपटॉप, दोघेच.

माझ्या मनात वाईट काही नव्हतं. मला वाटलं, पोरीला साहेबाचा आवाज नीट ऐकू यायला पाहिजे, जरा वाढवून ठेवू. आवाजाचं बटण वरच्या ओळीत असतं, एवढं ऐकून होतो. मान ताठ, नजर स्क्रीनवर, बोट वर. दाबलं. स्क्रीनवर माइकचं चित्र आलं आणि त्यावर आडवी रेघ.

आता शहाण्या माणसानं तेच बटण परत दाबलं असतं. पण तेच नेमकं कोणतं होतं? मी कुठे बघितलं होतं! शेजारचं दाबलं. एक छोटंसं विमान उगवलं. विमानाचं आपल्याला काय काम? पण कोपऱ्यातलं नेटचं चिन्ह त्या विमानाबरोबर उडून गेलं. घाईनं आणखी एक दाबलं, तर खाली बोटानं घासायचं ते टचपॅड मेलं. बोट कितीही फिरवा, बाण जागचा हलेना!

"अहो!" आतून बायको. "जावई पाटावर बसून राह्यलेत. तुम्ही बसल्याशिवाय ते घास घेणारेत का?"

"आलो, आलो!"

पूर्वी विंडोज अडलं की मी कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबायचो. दाबलं. समोर पाटी आली, की साठ सेकंदांत तुम्ही आपोआप बाहेर पडाल. आणि आकडे उतरू लागले. एकोणसाठ, अठ्ठावन्न... मला वाटलं माझंच आयुष्य मोजतंय! नशीब, एस्केपचं बटण तेवढं कोपऱ्यात असतं, ते सापडलं आणि पाटी गेली.

इथे उठलो असतो तरी भागलं असतं. पण निलेशराव एकदा म्हणाले होते, की खाली डाव्या बाजूला एफएन नावाचं बटण असतं, ते धरलं की वरची अख्खी ओळ वेगळी वागते. मी म्हटलं, वेगळी तर वागू दे, आता वागतेय त्यापेक्षा बरीच वागेल. डावा पंजा पसरला आणि खाली जे जे होतं ते सगळं धरलं, कंट्रोलही, ऑल्टही. उजव्या बोटानं वरचं तिसरं ठोकलं.

स्क्रीन काळी झाली.

काळी म्हणजे चुलीवरच्या तव्यासारखी. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ, तिच्यापुढे 'लॉगिन' आणि एक लुकलुकणारी रेघ. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, काही नाही. मी माझं नाव टाइप केलं. मग पासवर्ड मागितला. तो टाइप करायला लागलो तर स्क्रीनवर एकही अक्षर उमटेना! ठिपके नाहीत, फुल्या नाहीत. ज्या माणसानं तालुक्याला टायपिंग शिकवलं, त्याची दहाही बोटं नाचतायत आणि पुढे कोरं! (तिथे पासवर्ड मुद्दामच दाखवत नाहीत, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला वाटलं, कीबोर्डही मेला.) मी एंटर ठोकलं. 'चूक' असं इंग्रजीत उत्तर आलं. एवढं खरं माझ्याशी त्या दिवशी कोणीच बोललं नाही.

"अहो, तूप थिजून राह्यलं!"

आता निलेशरावांना हाक मारायला काय हरकत होती? दोन होत्या. जावयाला पाटावरून उठवायचं म्हणजे धोंड्याच्या दिवशीचा केवढा मोठा अपमान. ही सांगायची हरकत. खरी हरकत अशी, की कीबोर्डवरून चुकलो हे टायपिंगच्या सरानं कोणाला सांगायचं?

मी लॅपटॉपचं झाकण अलगद अर्धं खाली केलं आणि जेवायला जाऊन बसलो.

ताटात धोंडे होते, अनारसे होते, कुरडया होत्या. मला घड्याळ दिसत होतं. पावणेदोन झाले होते. कपाळावरून घाम कानामागे उतरत होता.

"मामा, बरं न्हाई का?" निलेशरावांनी विचारलं.

"कुठं काय! जरा तिखट लागलं."

"पुरण तिखट लागलं?"

"लागतं कधीकधी," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की ते पुरण तिनं केलं होतं हे लक्षात येऊन मी आणखी एक धोंडा मागून घेतला.

तेवढ्यात बाहेरून पल्लवी ओरडली. मी तिला लहानपणी विंचू चावला तेव्हाही असं ओरडताना ऐकलं नव्हतं.

"दाजी! लॅपटॉप मेला!"

निलेशराव उठले. धोंड्याच्या पाटावरून, ओवाळून घेतलेला जावई, अर्धा धोंडा ताटात ठेवून उठला! बायकोनं तोंडाला पदर लावला. "अहो, निलेशराव, तोंडातला तरी गिळा!" ते उजव्या हाताला पुरण तसंच घेऊन बाहेर पळाले, मागे माधुरी, मागे आम्ही.

"तुमचं ते फुकटचं लिनक्स!" माधुरीनं नवऱ्यावर तोफ डागली. "माझ्या बहिणीच्या जिंदगीचा सवाल हे, अन् ह्यांना एक्सपरमेंट सुचते! विंडोजमधे कधी झालं होतं का असं?"

निलेशरावांनी काळी स्क्रीन पाहिली. मग आमच्याकडे वळून शांतपणे विचारलं, "कोणी काही दाबलं होतं का?"

बायको म्हणाली, "न्हाई बा." पल्लवी म्हणाली, "मी तर साडी नेसत होते." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे सवयीनं पाहिलं, संशयानं नाही. ज्या माणसाला कीबोर्ड पाठ आहे त्याच्यावर संशय घेणार कोण?

मी तोंड उघडलं. पण शेवटचा घास अजून तोंडातच होता. मी तो चावत राहिलो. मी तो इतका वेळ चावला, की तेवढ्यात निलेशरावच म्हणाले, "मंग माझंच चुकलं. सकाळी अपडेट मीच मारलं होतं. त्यानंच काहीतरी झालं असंल."

घास गिळला गेला.

त्यांनी डाव्या हातानं तीन बटणं दाबली आणि पल्लवीचा सगळा पसारा जसाच्या तसा परत आला. आम्ही टाळ्याच वाजवणार, तर नेट नाही. त्यांनी विमान उतरवलं. मग बाण हलेना, तो हलवला. प्रत्येक वेळी ते खाली वाकून बटणांवरची चित्रं बघत होते आणि पुटपुटत होते, "अपडेटनं एवढं सगळं कसं काय बदललं?" मीही "कमाल आहे!" म्हणत होतो.

दोन वाजले. समोर दोन साहेब आणि एक बाई उगवल्या. पल्लवीनं नमस्कार केला. त्यांचं 'हॅलो, हॅलो' ऐकू आलं, मग त्यांनी कानाला हात लावला. आमच्याकडून आवाज जात नव्हता. माइकवरची रेघ, माझी पहिली कामगिरी, तशीच राहिली होती!

निलेशराव झटकन टेबलाखाली शिरले, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. खालून कुजबुजले, "पल्लवी, वरच्या ओळीत माइकचं चित्र असलेलं बटण दाब. जल्दी!"

"कुठंय?"

"खाली बघ ना!"

पण पोरगी बघेना. माझीच पोरगी ती. पाचव्या वर्षापासून पट्टीच्या आवाजावर वाढलेली. मान ताठ, नजर साहेबांवर, आणि हातानं वरची ओळ चाचपतेय. मला दारातून दिसत होतं, की तिचं बोट विमानाकडे सरकतंय. गेली दीड वर्षं तिनं पाठवलेले अर्ज माझ्या डोळ्यांपुढून गेले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच विद्येविरुद्ध ओरडलो, "बटणांकडे बघ की गं!"

ती दचकली आणि बोट थांबलं. तेवढ्यात टेबलाखालून पुरणानं माखलेला एक हात वर आला, चाचपडला आणि त्यानं बरोबर बटण दाबलं.

"मिस पल्लवी," साहेबाचा आवाज आला, "तो हात कोणाचा आहे?"

पल्लवीनं एक श्वास घेतला. "सर, माझे दाजी आहेत. आज आमच्याकडे त्यांच्या मानाचं जेवण आहे. आवाज जात नव्हता म्हणून ते जेवण सोडून टेबलाखाली बसलेत."

पलीकडच्या बाई हसल्या. साहेब म्हणाले, "त्यांना सांगा, आम्हाला आवाज येतोय. जेवून घ्या."

पण ते जेवले नाहीत. इंटरव्ह्यू होईपर्यंत, पुन्हा काही होईल म्हणून, टेबलाखालीच बसून राहिले. नंतर बायकोनं कितीही विनवलं तरी पुन्हा पाटावर बसले नाहीत. आम्ही आहेराला आणलेला कपडाही घेतला नाही. "मामी, माझ्यामुळं पल्लवीचा चान्स जाणार होता. कोणत्या तोंडानं घेऊ?" म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. मी म्हणालो, "असू द्या, निलेशराव, होतं असं." माझ्या मोठ्या मनाचं माधुरीला फार कौतुक वाटलं.

पल्लवीला नोकरी लागली. ती आता पुण्यात आहे आणि तिथे कीबोर्डकडे बघून टाइप करते. पण निलेशरावांनी तेव्हापासून नोकरीबाहेर कोणाच्या कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. शेवटचा हात आमच्याच लॅपटॉपला लावला: पुढच्याच रविवारी येऊन लिनक्स काढून विंडोज टाकून गेले. लॅपटॉप चालू होईपर्यंत आता माझा चहा पिऊन होतो. मागच्या महिन्यात हसनाबादच्या आमच्या साडूंनी त्यांना जुना कॉम्प्युटर दाखवला, तर म्हणाले, "न्हाई काका, आपल्या हाताला यश न्हाई. मामांना विचारा, त्यांचा हात बराबर हे."

साडूंनी मला विचारलं. मी जाऊन बघूनही आलो.

हे सगळं मी सांगण्याऐवजी लिहिलं, कारण सांगायचं तर समोर निलेशराव बसलेले असणार. त्यांचं अर्धं राहिलेलं जेवण आणि 'मी दाबलं होतं' हे तीन शब्द, एवढं माझ्याकडून त्यांना अजून द्यायचं आहे.