केसरचं वजन

परवा ग्रामपंचायतीनं लताचा सत्कार केला. मांडव घातला, हार आणले, भाड्याचा लाऊडस्पीकर लावला. अंगणवाडीला बारा वर्षं झाली म्हणे. ज्या तोताराम सरपंचानं नऊ वर्षांपूर्वी तिला हाकलायचा कागद लिहिला, त्यानंच हार घातला. ज्या बायांनी त्या कागदावर अंगठे उठवले, त्या पुढे बसून टाळ्या पिटत होत्या. मीही पिटल्या. मी सुमनबाई, तिची मोठी जाऊ. माझा अंगठा त्या कागदावर सगळ्यांत वर होता, तर मी कायले मागे राहू?

लताचं नि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ती माझ्या धाकट्या दिराची, गिरधरची बायको. उंच, काटकुळी, सातवी पास, आणि आवाज असा की नदीच्या पल्याड ऐकू जावा. गोड बोलायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं सासूला विचारलं, पाण्याचा हंडा उघडा का ठेवता. सासूनं मरेपर्यंत ते मनात धरलं.

तिला एकच मुलगा झाला, भास्कर. एकोणऐंशी साली दीड वर्षाच्या त्या पोराला हगवण लागली. त्या दिवशी आमच्या बागेत केळीची कापणी होती आणि बैलगाडी घड वाहत होती. घर एकत्र होतं, कारभार माझ्या नवऱ्याच्या हातात. माझा नवरा म्हणजे बन्सीलाल. नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात, मी घेणार आहे. लता अंगणात उभी राहून गाडी मागत होती, आणि मोकळी झाली की देतो, असं बन्सीलाल सांगत होता. गाडी मोकळी झाली तेव्हा दिवस कलला होता आणि पोरगं गेलं होतं. लता चार लोकांत रडली नाही. पंधराव्या दिवशी तिनं चूल वेगळी केली. मी गावभर सांगत फिरले की हिचं काळीज दगडाचं आहे. पुढं भांडणात मी तिला वांझोटी म्हटलं, तिनं मला बिनजिभेची म्हटलं. त्यानंतर आम्ही बोलायच्याच बंद झालो.

चौऱ्याऐंशीला गावात अंगणवाडी आली आणि ती लताला मिळाली. मग काय, गावाच्या मागे शुक्लकाष्ठच लागलं. देवळामागच्या खोलीत तोतारामनं युरियाच्या गोण्या भरल्या होत्या. हिनं एकेक गोणी ओढत नेऊन त्याच्याच ओट्यावर टाकली. शाळेचे गुरुजी आठवड्यातून दोनदा यायचे, तर ही एस.टी.च्या वेळेला फाट्यावर जाऊन उभी राहायची आणि ते उतरले की गावादेखत मोठ्यानं राम राम घालायची. गुरुजी रोज यायला लागले, पण तिचं नाव काढलं की थुंकायचे.

सगळ्यांत जास्त भांडण वजनाच्या दिवशी. आमच्याकडे काट्यावर चढतात ते केळीचे घड. तीन बांबू उभे करायचे, मध्ये काटा टांगायचा, त्याला घड लटकवायचा. तोललं की माल गेला, तो आपला राहिला नाही. लेकराला तसं टांगायचं म्हणजे कोणत्या आईच्या पोटात गोळा येणार नाही? तोललेलं पोर वाढत नाही, असं बाया म्हणायच्या. इथं मात्र लतानं वाद घातला नाही, हे एक नवलच. तिनं वाटीत मीठ-मोहऱ्या आणल्या. पोरगं काट्यावरून उतरलं की सगळ्यांदेखत त्याची दृष्ट काढायची आणि मीठ-मोहऱ्या शेगडीत टाकायची. तडतडलं की आई खूश. तालुक्याच्या बाईसाहेबांनी तिला अंधश्रद्धा म्हणून झापलं. लता त्यांना म्हणाली, मिठाशिवाय तुम्ही पोरं आणून दाखवा, मी मीठ बंद करते.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिच्या सरकारी काट्याची स्प्रिंग तुटली. अर्ज करून दोन महिने झाले तरी नवा काटा येईना. बाकी गावांतल्या अंगणवाडीच्या बाया अंदाजपंचे आकडे भरायच्या. ही कसली भरते! आठ वर्षांनी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"अक्का, तुमचा केळीचा काटा दोन दिस पाहिजे. नसंल द्यायचा तर नाही म्हना, बहाना सांगू नका."

बन्सीलाल व्यापाऱ्यासाठी तोलाई करायचा; माल वाहायला त्यानं टेम्पोही घेतला होता. गावचा सगळा माल त्याच्याच काट्यावरून जायचा, आणि तो काटा खोटा होता. भुसावळहून दुसरी स्प्रिंग आणून त्यानं परसात बसवली, तेव्हा तबकडीचे स्क्रू ओंजळीत धरून मीच बसले होते. रिकामा असला की काटा बरोबर शून्यावर. ओझं लटकलं की किलोमागे शंभर ग्रॅम गिळायचा. हे त्याला ठाऊक आणि मला ठाऊक.

तो घरी नव्हता. मी नाही म्हणू शकले असते. पण मनात आलं, ने बाई, फार शहाणी आहेस ना, होऊ दे एकदाची फजिती. खुंटीवरून काटा काढून मी तिच्या हातात दिला. वर म्हटलं, सांभाळून वापर.

अडतीस पोरांपैकी एकोणीस पोरं तिच्या तक्त्यावर लाल रेघेच्या खाली, म्हणजे कुपोषणात, गेली. लता हादरली. यादी घेऊन तालुक्याला गेली आणि अंगणवाड्यांच्या साहेबांच्या पायरीवर तीन दिवस बसून राहिली. शेवटी साहेब कबूल झाले की सगळ्यांना जास्तीचा आहार देऊ, आणि फारच खराब पोरं गुरुवारी जीपमधून जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. त्यांत पहिलं नाव केसरचं होतं. केसर म्हणजे बेबाबाईची पोरगी. बेबाबाई आमच्याच बागेत मजुरीला, नवरा टाकून गेलेला. पोर तीन वर्षांची होती, पण दीडची वाटायची. आमच्या काट्यावर ती पावणेसात किलो भरली. काट्यानं गिळलेलं परत घातलं तरी साडेसातच. बाकीच्यांचं काहीही असो, केसर खरंच वाळत चालली होती.

गाव पेटलं. आमची केळी दिल्ली खाते आणि ही म्हणते आमची पोरं उपाशी! आता या गावात पोरी कोण देईल? तिच्या दारावर शेण मारलं. गिरधरला पारावर कोणी बसू देईना.

मंगळवारी साहेब स्वतःचा काटा घेऊन खात्री करायला आले. बेबाबाई नेमकी केसरला घेऊन एरंडोलकडं भावाच्या शेतात कापूस वेचायला गेली होती. बाकीची पोरं एकेक करून चढली आणि एकेक करून रेघेच्या वर निघाली. लोक हसायला लागले. लता एकच सांगत राहिली की काटा गावाचा आहे, सगळा माल त्याच्यावर जातो. साहेबांनी विचारलं, काटा कोणाचा? बन्सीलाल पुढे झाला. मुक्ताईच्या देवळाकडं हात जोडून म्हणाला, "मुक्ताईची आन घेऊन सांगतो साहेब, काटा खरा हाये. बाईचा हात खोटा."

आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. मी दहा हातांवर उभी होते. तोंडाशी आलेलं मी गिळलं.

एकच पोर दोन्ही काट्यांवर टांगून बघा, असं लता ओरडून सांगत होती. तोवर बन्सीलालनं काटा खांद्यावर टाकला होता आणि साहेब जीपमध्ये बसले होते. गावातलं कोणी बोललं नाही. काटा खोटा निघाला असता तर आपला एवढा माल गेला कुठं, हे बन्सीलालला विचारावं लागलं असतं. त्यापेक्षा लता खोटी निघालेली सगळ्यांना परवडली. साहेबांनी अख्ख्या यादीवर काट मारली. जास्तीचा आहार लाटायला खोटे आकडे भरते, असा शेराही मारला. त्यांची जीप फाट्यावर पोचायच्या आत तोतारामनं कागद लिहिला आणि मी अंगठा दिला.

बेबाबाई परतली तेव्हा लता तिच्या हातापाया पडली, की एस.टी.नं जाऊ, पण पोर दाखवू. बेबाबाईनं गावाचं ऐकलं. साहेबानंच नाव काटलं, म्हणजे पोर बरी असंल, असं म्हणून ती पुन्हा आमच्या बागेत कामाला लागली. केसर बांधावर पडून असायची. येता-जाता मला दिसायची. सतराव्या दिवशी तिला हगवण लागली. तेव्हा बेबाबाईनंच पोर आणून लताच्या ओटीत घातली. दोघी एस.टी.नं निघाल्या. भुसावळच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीची वाट बघत असताना केसरनं लताच्या मांडीवर जीव सोडला.

चौथ्या दिवशी बन्सीलाल बागेत असताना लता माझ्या घरात शिरली. हातात वाण्याकडचं पाच किलोचं लोखंडी माप. खुंटीवरून काटा काढला, आमच्या पाळण्याच्या कडीला टांगला आणि त्याला माप अडकवलं. काटा साडेचारवर थांबला.

"तुले ठाव होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. आठ वर्षांत तिच्याशी खरं बोललेला तेवढाच एक शब्द. मला वाटलं, आता ही गावभर बोंब मारणार. मारली असती तर तिची अब्रू परत आली असती आणि आमची घरादारासकट गेली असती.

"गावाले नाही सांगत. सांगून केसर येत नाही. आजपासून महिन्याच्या पह्यल्या सोमवारी तुमचा टेम्पो अंगनवाडीशी लागला पाह्यजे, कापनी असो का मयत. आजारी पोरं दवाखान्यात न्यायची. आन् तू सोबत बसायचं, पोर मांडीवर घेऊन. ज्या सोमवारी टेम्पो नाही आला, त्या सोमवारी हा काटा देवळात टांगीन."

काटा घेऊन ती गेली. त्याच धाकानं तोतारामचा कागद बन्सीलालनं स्वतः तालुक्याला जाऊन परत आणला. तोलाईला नवा, खरा काटा घेतला. आणि नऊ वर्षं टेम्पो गेला. भर कापणीत अर्धे भरलेले घड खाली उतरवून गेला. बन्सीलाल दात खात राहिला आणि गाव त्याला धर्मात्मा म्हणत राहिलं. मी मांडीवर पोरं घेऊन बसले. ओकणारी, हगणारी, तापानं फणफणलेली. किती, ते मोजलं नाही. जुना काटा अंगणवाडीत तक्त्याच्या वर खिळ्याला टांगलेला असायचा. लता एका शब्दानं माझ्याशी बोलली नाही. पोर द्यायची आणि पोर घ्यायची.

तर परवाचा सत्कार. लताला हार झाला, आणि मग तोतारामनं बन्सीलालला स्टेजवर बोलावलं. लेकरांसाठी गाडी देणारे दानशूर बन्सीलालभाऊ! शाल पांघरली, नारळ दिला. चोरानं हात जोडून नमस्कारही केला. मग लताला दोन शब्द बोला म्हणाले. ती उठली, माईक धरला आणि एवढंच म्हणाली, "केसर आज बारा वर्षांची असती."

आणि बसली. माझ्या शेजारची बाई मला विचारायला लागली, कोण वं केसर? बेबाबाई कधीच भावाकडं निघून गेलेली, गावाला काय आठवणार! मला काय झालं कोणास ठाऊक. हळू सांगायचं होतं, पण आवाज माझ्या ताब्यात राहिला नाही.

"बेबाबाईची. आमच्या काट्यानं खाल्ली तिले. मले ठाव होतं."

पोटातला दगड नऊ वर्षांनी निघाला, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वाटलं, लता आता तरी अक्का म्हणून हाक मारेल. ती स्टेजवरून सरळ माझ्याकडं आली. डोळ्यांत नुसता अंगार.

"झालं तुझं मन मोकळं?" ती म्हणाली. "आता कशाच्या धाकानं टेम्पो मागू? सोमवारी पोरं कशात नेऊ?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हाही मी माझंच पाहिलं होतं आणि परवाही माझंच पाहिलं.

उद्या पहिला सोमवार आहे. दोन दिवस लोक दारात येऊन शिव्या घालतायत, बन्सीलाल घरात भांडी फेकतोय आणि टेम्पो पेटवून देईन म्हणतोय. ड्रायव्हर लीलाधरला मी सकाळी सातची वेळ सांगून ठेवली आहे. किल्ली खुंटीवरून काढून कमरेला खोचली आहे. बघू कोण काढून घेतं ते.