धुऱ्यावरचा उडीद

दाणा हातात आला की ती आधी डोळे मिटायची. मग अंगठा आणि तर्जनीत तो हलकेच फिरवून म्हणायची, "डोळ्याले काऊन इचारता भाऊ? बोटाले इचारा."

गोंडपिपरीजवळच्या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या टेकाडावर, आमचं उत्खनन चालू होतं, तेव्हा ती माती धुण्याच्या कामावर होती. टाकीत माती कालवली की हजारो वर्षांपूर्वीचे जळके दाणे वर तरंगत. ते मूग की उडीद, हे ठरवणं माझं काम. सूक्ष्मदर्शकाखाली लांबी, रुंदी, जाडी मोजून मी दिवसअखेर 'सांगता येत नाही' असं लिहायचो आणि ती जाता जाता "उडीद" म्हणायची. एकदा तिच्या बोटांत दाणा फुटला, तेव्हा मी फार चिडलो होतो. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा राग येतो आणि त्यांच्यावाचून पानही हलत नाही.

दाणा जळला की आक्रसतो. म्हणून ताजे दाणे भट्टीत जाळून, मोजून, मग जुन्यांशी ताडावे लागतात. मी तिला गावठी उडीद मागितला. तिनं पदरात बांधून मूठभर आणला. काळा, बारीक, लग्नात कुरखेड्याकडच्या माहेराहून आलेला आणि दरसाल भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेरलेला. "मोजून घ्या," एवढंच म्हणाली.

मी सगळा भट्टीत घातला. मापं जुळली. जुना दाणा उडीदच निघाला आणि मी खुशीत गावभर सांगत सुटलो.

पेरणीच्या तोंडावर ती बी परत न्यायला आली. घरच्या मडक्यातलं भुंग्यांनी पोखरलं होतं. मी जळक्या दाण्यांची कुपी पुढे केली. तिनं ती हलवून पाहिली.

"सगळा जाळला?"

मी मान हलवली.

"मीच सांगाले पायजे होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, बी जाळत नाई हे तं सगळ्याइले मालूम राह्यते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजारातून पाच किलो टपोरा उडीद आणून दिला. तिनं नाही म्हटलं नाही. पेरलाही नाही. त्याचे वडे करून मलाच बोलावून खाऊ घातले.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. कुरखेड्याकडच्या गावांतून मी तसला उडीद शोधत अजून फिरतो, लोक मडकी उघडून दाखवतात, मी मोजतो. तिच्या उडिदाची मापं माझ्याकडे दशांशापर्यंत आहेत. पेरायला एक दाणा नाही.