श्रावणजींचा तिसरा रकाना

श्रावणजी गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं, तेही तेरवी आटोपल्यावर. माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर राहणारा माणूस जातो आणि त्याची बातमी टपालातून फिरत फिरत माझ्या दारात येते! कार्ड हातात घेऊन मी तशीच त्यांच्या घरी गेले आणि रडायचं सोडून आधी भांडले. त्यांच्या पत्नी, गिरजावहिनी, शांतपणे म्हणाल्या, "तेच सांगून गेले, बाई. तार नाई करायची, मानूस नाई धाडायचा. तार आली की मानसाले यावंच लागते म्हने. कार्डावर ज्याले यावंसं वाटते तोच येते." माणूस गेला तरी त्याचा हट्ट घरात पाय रोवून उभा होता. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडलेली आहे आणि हा लेखही चिडूनच लिहिते आहे.

श्रावण पराते हे नाव वाचकांना ठाऊक असण्याचं काही कारण नाही. उमरेडच्या विणकराघरचा मुलगा, वडिलांच्या मागाशेजारी बसून शिकला, नागपुरात येऊन एम. ए. झाला. माणसं एकमेकांना काय सांगतात, कशी सांगतात आणि काय सांगायचं टाळतात, यावर त्याला प्रबंध लिहायचा होता. तो लिहून झाला नाही. गेले तेव्हा ते इतवारीतल्या एका छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत होते. इतक्या हुशार माणसाने असं का करून घ्यावं, हे मला वर्षानुवर्षं लोक विचारत आले. मी खांदे उडवायची. खरं म्हणजे त्याचं उत्तर माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

राजधानी नागपुरात होती तेव्हाची गोष्ट. खेड्यांना बॅटरीवर चालणारे रेडिओ देण्यात आले होते. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा. तो कोण ऐकतं, कोणाला समजतो, याची पाहणी एका कचेरीने काढली आणि ती श्रावणजींकडे दिली. पाहणीचा अहवाल नीट झाला तर कायमची जागा, आणि तोच पुढे प्रबंधात वापरायची मोकळीक. आयुष्य मार्गी लागावं अशी संधी होती. बायकांशी बोलायला बाईमाणूस हवं म्हणून मला बोलावणं आलं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि घरी बसून वाळवणं राखण्यापेक्षा हे बरं असं वाटलं. हुडकेश्वरच्या पुढे एक गाव कचेरीतल्या एका कारकुनाने आम्हाला तोंडीच नेमून दिलं होतं. त्याचं नाव मी आजही सांगणार नाही. का, ते पुढे येईलच.

मे महिन्यातलं नागपूरचं ऊन. श्रावणजींच्या डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. माझ्या हातात काळी छत्री, जी मी त्या महिन्यात झोपेतही सोडली नसेल. घरोघर आम्हाला बाजेवर बसवायचे, पाणी द्यायचे, कैरीचं पन्हं द्यायचे. आम्ही छापील कागद काढायचो. कार्यक्रम नेमाने ऐकता का? "हाव जी, रोजच ऐकतो." समजतो का? "हाव जी, सगळं समजते." आवडतो का? "लय मस्त राहते." दोन दिवसांत अख्खं गाव झालं आणि एकाही घरातून नकार आला नाही. मी खूश. साहेब खूश होणार म्हणून आणखी खूश. तिसऱ्या दिवशी श्रावणजी म्हणाले, जाता जाता रेडिओ तरी पाहून घेऊ. रेडिओ शाळेत होता. गुरुजींनी कपाट उघडलं. रेडिओला हळदकुंकू वाहिलेलं, वर सुकलेला हार, आणि बॅटरीच्या जागी खडूंची पेटी.

रेडिओ गेल्या दिवाळीपासून मुका होता!

गुरुजींचं तोंड पांढरंफटक पडलं. बॅटरी भरून आणायला ते बैलगाडीने शहरात खेटे घालत. पुढे तिने जीवच टाकला. नवीन मागवायची तर चौकशी होईल, ठपका येईल या धास्तीने ते दर महिन्याच्या कागदावर 'रेडिओ सुरू आहे' असं लिहून पाठवत राहिले. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. "हे वर गेलं त मी गेलो, साहेब," असं ते श्रावणजींना म्हणाले. श्रावणजींना आयुष्यात साहेब म्हणणारा तो बहुधा एकटाच माणूस.

मी संतापले होते, पण गुरुजींवर नव्हे, त्या सगळ्या 'हाव जी'वाल्यांवर. आदल्या दिवशी पन्हं देणाऱ्या एका म्हातारीला मी जाऊन गाठलं. आजी, रेडिओ बंद आहे, मग रोज ऐकतो असं काय म्हणून सांगितलंत? ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहत राहिली. "काहून म्हंजे? तुमी येवढ्या उन्हाच्या चालत आल्या. नाई म्हनलं असतं त तुमचं तोंड उतरलं असतं, बाई. दारात आलेल्या मानसाले नाई कसं म्हनावं वं?" मी कपाळावर हात मारला. श्रावणजी मात्र असे उजळले की कोणाला वाटावं, रेडिओ वाजू लागला! दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच घरांत उलटा प्रश्न घातला. तो कार्यक्रम अगदीच बेकार असतो, नाही का? "हाव जी, बेकारच राहते."

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? एक तर पहिले कागद भरून दिले असते, सगळं गाव रोज ऐकतं, संपला विषय. नाही तर रेडिओ बंद असल्याचं गावाच्या नावासकट लिहून मोकळा झाला असता. श्रावणजींनी तिसरंच काढलं. ते त्या गावात जाऊन राहिले, मी सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची. छापील कागद मिटून ठेवले आणि निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या वहीत रकाने आखले. काय विचारलं, काय सांगितलं, आणि कोण होतं तिथे. हा तिसरा रकाना म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सून एकटी असताना बोलली की सासू दारात असताना, पाटील ऐकत होता का, मी छत्री मिटून जमिनीवर बसले होते की बाजेवर... सगळं त्यात. माणसांची नावं मात्र कुठेच नाहीत. प्रत्येकाला एक चित्र. त्या म्हातारीचं सूप, गुरुजींची घंटा. हळूहळू तर त्यांनी प्रश्न विचारणंच सोडून दिलं. मी वैतागून म्हटलं, अहो, पाहणी करणाराच विचारत नाही, मग पाहणी कसली? तर म्हणाले, "बाई, प्रश्न म्हंजे धक्का असते. धक्का बसला की मानूस पडू नये म्हनून हात पुढं करते. तो हात म्हंजे त्याचं उत्तर नोहे."

हे वेड त्यांनी घरीही आणलं. त्यांच्याकडे चहा प्यायला गेलं की 'साखर बरोबर आहे का' असं कोणी विचारायचं नाही. पाहुणा होच म्हणतो, मग विचारून उपयोग काय! चहात साखर बेतानेच घालायची, साखरेचा पितळी डबा पाहुण्यासमोर ठेवायचा आणि घरच्यांनी सरळ आत निघून जायचं. पाहुण्याला हवी असेल तर तो घेईल, नको तर नाही, आणि कोणी पाहिलं नाही. पहिल्यांदा मला तो अपमानच वाटला. मी फिक्का चहा तसाच पिऊन आले होते.

अहवाल झाला. मी आजवर वाचलेल्या कागदांतला तो सगळ्यात खरा कागद होता. रेडिओ बंद, हे त्यात स्पष्ट होतं, आणि लोक आपल्याला हो का म्हणतात यावर एक अख्खं प्रकरण होतं. गावाचं नाव नव्हतं. साहेबांनी तो परत पाठवला. नाव घाला. श्रावणजी म्हणाले, "मी त्यायले शब्द देला हाय." साहेबांनी दुसरी वाटही दाखवली, हे प्रकरण काढा आणि पहिले कागद लावा. त्यालाही नाही! मी विनवलं, भांडले, गिरजावहिनींना मध्ये घातलं. अहो, एक नाव! फार तर गुरुजींना समज मिळेल, चार ओळींचा कागद येईल. तुमची जन्माची भाकरी त्या चार ओळींपायी घालवता? ते ऐकून घ्यायचे आणि वहीत रकाने आखत राहायचे. भिंतीशी बोलल्यासारखं.

शेवटी मी साहेबांकडे गेले. श्रावणजींना न सांगता. रदबदली करायलाच गेले होते, देवाशपथ. साहेब हिंदीत बोलायचे. फाइलवर बोट ठेवून म्हणाले, "बाई, गाँव का नाम बता दीजिए, आज ही पास कर देता हूँ।" आवाज इतका सौजन्याचा की... मी सांगितलं. नाव मी सांगितलं. इतकी वर्षं झाली, हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगते आहे.

पंधरा दिवसांत गुरुजींची चांद्याकडच्या जंगलातल्या शाळेत बदली झाली, पगाराची पायरी खाली उतरवून. म्हाताऱ्या आईला बाजेसकट बैलगाडीत चढवावं लागलं. हे मला श्रावणजींनीच सांगितलं, कारण बाजेचा एक पाय त्यांनी धरला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे गुरुजींचं घर मी उठवलं आणि ज्यांच्यासाठी उठवलं त्यांची जागाही राहिली नाही. पुढे राज्याची फेररचना झाली, कचेऱ्या हलल्या, काही फायली भोपाळला गेल्या, काही मुंबईला. अहवाल कुठे गेला, देव जाणे.

आणि आता माझ्या रागाचं खरं कारण. या माणसाने मला कधी विचारलं नाही. गावाचं नाव आम्हा दोघांखेरीज कचेरीत त्या एका कारकुनाला ठाऊक होतं, आणि तो तेव्हा रजेवर होता. श्रावणजींना बेरीज येत नव्हती असं नाही. तरी एकदाही, 'बाई, नाव कोणी सांगितलं?' एवढे चार शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. मी दर महिना-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जायची. घरून उत्तर पाठ करून जायची. तुमच्यासाठीच सांगितलं, मला काय ठाऊक असं होईल, मला क्षमा करा. ते छापखान्यातल्या गमती सांगायचे, गुरुजींकडे वर्षातून एकदा जाऊन यायचे ते सांगायचे, गुरुजींच्या आईला तिकडची हवा मानवली नाही हेही सांगायचे... आणि डबा ठेवून आत जायचे. मी मनात ओरडायची, विचारा ना हो एकदा! शिव्या घाला, पण विचारा! एकदा मी धीर केला. म्हटलं, "श्रावणजी, त्या गावाचं..." ते थांबले. आणि मी, यंदा संत्री आंबटच निघाली, असं काहीतरी बोलून गेले. ते म्हणाले, "हाव जी. आंबटच निंगाली." त्या 'हाव जी'ने मी घरी येऊन रडले.

त्यांनी मुद्दाम शिक्षा केली असं मला कैक वर्षं वाटत होतं. विचारलं असतं तर मी सुटले असते, म्हणून विचारत नाहीत. इतका कडू विचार मी या माणसाबद्दल केला, हेही इथे सांगून टाकते.

कार्ड आलं त्या दिवशी त्यांच्या घरी माझं भांडून झालं, मग रडूनही झालं. गिरजावहिनी चहा घेऊन आल्या. पितळी डबा समोर ठेवला. डब्याशेजारी निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही आणि एक पेन्सिल ठेवली. "तुमच्यासाठी ठेवून गेले," म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून एकही आवाज येईना. मी वही चाळली. सूप, घंटा, पाटलाचा जोडा, सगळी ओळखीची. शेवटच्या पानावर छत्रीचं चित्र होतं. उघडलेली काळी छत्री, दांडा किंचित वाकडा, माझ्या छत्रीचा होता तसाच. पहिल्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विचारलं नाही. विचारलं तर स्वतःला सांभाळून बोलतील.' दुसरा रकाना कोरा होता. पानभर कोरा. त्याखाली एकही ओळ आखलेली नव्हती, त्यात दुसरं कोणतंही चित्र घुसवलेलं नव्हतं. बाकीची सगळी वही कागद वाचवायला काठोकाठ भरलेली, आणि हे पान त्यांनी इतकी वर्षं माझ्यासाठी मोकळं ठेवलं होतं. मी येत होते, चहा पीत होते, आणि ही वही आतल्या खोलीत असायची.

चहा निवत चालला होता. मी पेन्सिल उचलली. पाठ केलेलं उत्तर आठवेना, तुमच्यासाठी वगैरे काहीच सुचेना. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'नाव मी सांगितलं.' त्यांच्या अक्षराशेजारी माझं अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं मोठं आणि बावळट दिसत होतं. मग चहात दोन चमचे साखर घातली, पहिल्यांदाच त्या घरात, आणि ढवळत बसले. तिसरा रकाना राहिला होता. तो कोरा ठेवलेला त्यांना कधीच चालायचा नाही. कोण होतं तिथे? मी त्यांच्या बसायच्या जागेकडे पाहिलं, पुन्हा पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'कोणी नव्हतं.'