कानशीने बसवलेली दुर्बीण

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कफील, म्हणजे आमचा अरब मालक, त्याच्या आजोबांची जुनी लष्करी रायफल घेऊन आला. मजलिसच्या, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीच्या, भिंतीवर टांगायची होती. दुर्बिणीची खालची पट्टी एका रायफलची, वरच्या कड्या दुसरीच्याच. शोभेपुरतं कसंही बसवलं असतं तरी चाललं असतं. पण सांधा हलता सोडणं मला जमत नाही. निळी शाई लावून, ती जिथे पुसली जाईल तिथे घासतंय असं समजून कानस मारत दोन तासांत पक्कं बसवलं.

रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून दुर्बिणीला डोळा लावला. अंगणापलीकडून आमच्याच वर्कशॉपमधले दापोलीचे इक्बालभाई नमाजहून परतत होते. दुर्बिणीतली नेमाची फुली त्यांच्या मानेवर स्थिरावली. ते थबकले, मागे वळून पाहिलं.

आत येऊन म्हणाले, “भाऊ, हाक मारलीत का? मानेवर कुणी बोट ठेवल्यासारखं वाटलं.”

माझं बोट ट्रिगरवर होतं. तिथे कधी गेलं, मला आठवत नाही.

ते गेल्यावर मी कड्या पुन्हा घासल्या, ढिल्या केल्या. आता तिचा नेम लागणार नाही.

“खलास, मुहंदिस?” कफीलने विचारलं. इंजिनियरला तो मुहंदिसच म्हणतो.

“भिंतीपुरतं खलास.”

इक्बालभाईंना यातलं काही सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?